पाच मिनिटांचा न्याय

लातूरच्या आडत बाजारात पोते उतरवता उतरवता एखादा हमाल कोसळतो. भोवती गर्दी जमते. कोणी तोंडावर पाणी मारतो, कोणी कांदा हुंगवतो, कोणी रिक्षा आणावयास धावतो. नांदेडच्या रेल्वे स्थानकावर हजूर साहिबच्या दर्शनाला आलेला वृद्ध यात्रेकरू कोसळला, तर त्याच्याही नशिबी बहुधा हेच येते. 'त्याची वेळ आली होती,' असे म्हणत गर्दी पांगते. ती वेळ दैवाने आणली की व्यवस्थेने, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो विचारला गेला पाहिजे.

हृदयक्रिया अकस्मात बंद पडते तेव्हा पुष्कळदा हृदयाची लय बिघडलेली असते. ते नुसते थरथरते व रक्ताभिसरण थांबते. विजेच्या झटक्याने ही लय पूर्ववत करता येते, हे क्लॉड बेक या शल्यविशारदाने १९४७ साली एका १४ वर्षांच्या मुलाचे प्राण वाचवून दाखविले. पुढे १९६० च्या दशकात बेलफास्टच्या फ्रँक पॅन्ट्रिज यांनी हे यंत्र, म्हणजे डिफिब्रिलेटर, रुग्णवाहिकेत चढविले. त्याचे वजन तेव्हा सुमारे ७० किलो होते. आज ते दप्तराएवढे झाले आहे. त्याचा स्वयंचलित प्रकार स्वतःच लय तपासतो, काय करावयाचे ते बोलून सांगतो आणि गरज नसल्यास झटका देतच नाही. मात्र त्याला वेळेचे बंधन आहे. छातीवर दाब देणारे कोणी नसेल, तर दर मिनिटाच्या विलंबाने जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते.

राज्यात २०१४ साली सुरू झालेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपयुक्तच आहे. परंतु किनवटच्या तांड्यावर ती पाच मिनिटांत पोहोचू शकणार नाही. भर बाजारातील कोंडीतही तिची तीच गत होते. म्हणून पहिली मदत जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातूनच व्हावी लागेल.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. २०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. जेथे रुग्णालयांचीच ही दशा, तेथे बाजारात यंत्रे कशाला? पण एका उणिवेची ढाल करून दुसरी झाकणे ही राज्यकर्त्यांची जुनी रीत आहे. जनतेने ती उचलू नये. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच बजावले आहे की, तातडीचे उपचार वेळेवर मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि पैशाच्या अडचणीची सबब राज्याला सांगता येणार नाही. तो खटलाही एका शेतमजुराचाच होता. रुग्णालयात पुरेसे मनुष्यबळ व औषधे, आणि बाजारात यंत्र, या एकाच हक्काच्या दोन बाजू आहेत.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. दोन्ही जिल्ह्यांतील बसस्थानके, रेल्वे स्थानके व बाजार समित्यांच्या आवारांत ही यंत्रे उघड्यावर, हाताशी येतील अशी ठेवावीत. साहेबांच्या कपाटात कुलूपबंद नकोत. त्यांची बॅटरी व छातीवर चिकटवावयाच्या पट्ट्या ठराविक मुदतीत तपासण्याची जबाबदारी नेमून द्यावी. नाहीतर उद्घाटनाचा हार सुकण्याआधी यंत्र निकामी होईल. वाहक, हमाल, शिक्षक व दहावीपुढील विद्यार्थी यांना मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबण्याचे शिक्षण द्यावे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास जे संरक्षण दिले, ते अशा प्रसंगी धावणाऱ्यासही मिळावे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत धरणी हादरली, तेव्हा सरकारी यंत्रणा येण्यापूर्वी शेजाऱ्यांचेच हात ढिगारे उपसत होते. मराठवाड्यात धावून जाणाऱ्या हातांची वाण कधीच नव्हती. त्या हातांना विद्या आणि साधन देणे, एवढेच शासनाचे काम आहे. आणि तेवढेही न करणाऱ्या शासनाला 'वेळ आली होती' असे म्हणण्याचा अधिकार नाही.