आकडेमोड करणारा कादंबरीकार

नेव्हिल शूट यांची पुण्यतिथी १२ जानेवारीला, जयंती १७ जानेवारीला. १८९९ साली लंडनजवळच्या ईलिंगला जन्मलेले आणि १९६० साली मेलबर्नला वारलेले हे कादंबरीकार आपल्याकडे माहीत असलेच, तर ‘ऑन द बीच’मुळे. पूर्ण नाव नेव्हिल शूट नॉर्वे. पुस्तकांवर आडनाव घातले नाही, कारण हा इंजिनीअर फावल्या वेळात गोष्टी लिहितो हे कळले तर विमानधंद्यात आपली पत राहणार नाही, ही धास्ती.

आकडे मात्र पक्के होते. व्हिकर्स कंपनीच्या आर-१०० या वायुनौकेच्या सांगाड्यावर पडणारे ताण मोजणाऱ्या मंडळींचे ते प्रमुख. एकेका चौकटीचे गणित दोघे जण स्लाइड रूल घेऊन महिनोन्महिने करत. पन्नासेक फुलस्केप ताव भरल्यावर कळायचे, की सैल धरलेली एक तार प्रत्यक्षात भार घेते आहे. मग पुन्हा श्रीगणेशा. १९३० च्या उन्हाळ्यात आर-१०० कॅनडाला जाऊन सुखरूप परतली. सरकारी खात्याने बांधलेली प्रतिस्पर्धी आर-१०१ ऑक्टोबरमध्ये कराचीला, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, यायला निघाली आणि फ्रान्समध्येच कोसळली. ४८ माणसे दगावली. नंतर धडधाकट आर-१००ही भंगारात निघाली. ‘स्लाइड रूल’ या आत्मचरित्रात त्याचा संताप आहे. तो प्रतिस्पर्ध्याचा संताप आहे, हे विसरून तो वाचू नये.

१९४८ च्या ‘नो हायवे’त फार्नबरोच्या विमानसंशोधन केंद्रातला एक विक्षिप्त संशोधक सांगतो, की नव्या विमानाची शेपटी १४४० तासांच्या उड्डाणानंतर थकून तुटेल. १९५४ मध्ये ब्रिटिश कॉमेट प्रवासी विमाने खरोखरच धातूच्या थकव्याने फुटली आणि त्याचा छडा फार्नबरोलाच लागला. याला भविष्यवाणी म्हणणे भाबडेपणाचे. धातू थकतो, हे जाणकारांना ठाऊकच होते. शूट यांनी त्यातली गोष्ट ओळखली.

युद्धानंतरच्या ब्रिटनमधले कर आणि निर्बंध यांना कंटाळून १९५० मध्ये ते ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले. देशांतर केलेल्या लेखकाकडून आपण मागे राहिलेल्या घराची हुरहूर अपेक्षितो. शूट यांचे लक्ष समोरच्या गावावर. ‘अ टाउन लाइक अ‍ॅलिस’ची नायिका क्वीन्सलँडमधल्या एका मरगळलेल्या वस्तीत वारशाचा पैसा घालते: आधी मगरीच्या कातड्याच्या चपलाबुटांचे कारखानावजा दुकान, मग तिथल्या मुलींना पगार खर्चायला आइस्क्रीमचे दुकान, मग पोहण्याचा तलाव. मुली शहराकडे पळायच्या थांबतात, म्हणून तरुणही टिकतात. प्रेमकथेत जमाखर्च इतक्या गोडीने मांडणारा दुसरा लेखक आमच्या तरी पाहण्यात नाही. मात्र त्याच आइस्क्रीमच्या दुकानात मूळ रहिवाशांसाठी वेगळी सोय आहे, आणि लेखकाला त्यात काहीच खटकत नाही. गाव कुणाच्या जमिनीवर उभे राहते आहे, हा रकाना या हिशेबात रिकामाच राहिला.

भाषा सपाट, अशी टीका त्यांच्यावर नेहमी झाली. ‘ऑन द बीच’मध्ये (१९५७) अणुयुद्धानंतरचा किरणोत्सर्ग वाऱ्यासोबत दक्षिणेकडे सरकतो आणि मेलबर्नची माणसे पुढच्या वर्षीच्या बागेचे बेत करत बसतात. तिथे आवाज चढवला असता तर कादंबरी फसली असती. नव्या वाचकाने मात्र सुरुवात मृत्यूनंतर आलेल्या ‘ट्रस्टी फ्रॉम द टूलरूम’पासून करावी: छोटी चालती इंजिने बनवून त्यांवर मासिकात लिहिणारा एक साधा कारागीर, आणि त्या लेखांच्या ओळखीवर जगभर त्याला मिळत गेलेली मदत.