स्वस्ताईचे मोल

आमच्या पेठेत पूर्वी किराणा मालाची सात दुकाने होती. आज तीन उरली आहेत. उरलेली चार दुकाने काही एका दिवसात बंद पडली नाहीत. पेठेपासून एक-दीड किलोमीटरवर सवलतीच्या दराने माल विकणारे एक भव्य दुकान उघडले. त्यानंतर वर्षभरात एका वाण्याने दुकानाच्या फळ्या लावल्या त्या पुन्हा काढल्याच नाहीत. पुढे दुसऱ्याने, मग तिसऱ्याने आणि चौथ्याने त्याचाच कित्ता गिरवला. आमच्या गावात जे घडले, तेच लहानमोठ्या कितीतरी गावांत घडत आहे. हे चांगले की वाईट, या प्रश्नाचे उत्तर देऊन लोक चटकन मोकळे होतात. कोणी म्हणतो, "माल स्वस्त मिळतो ना, मग झाले!" कोणी म्हणतो, "या धनिकांनी गरीब वाण्याच्या पोटावर पाय दिला!" मला या दोन्ही उत्तरांत घाई दिसते. प्रश्न आपल्या रोजच्या अन्नाचा आणि शेजारधर्माचा आहे. म्हणून तो थोडा सावकाशीने तपासून पाहू या.

प्रथम मोठ्या दुकानाची बाजू समजून घेतली पाहिजे. तेथील स्वस्ताई ही काही जादू नव्हे. ते साधे गणित आहे. समजा, एका वाण्याने हजार रुपयांचा माल भरला व तो विकायला त्याला दोन महिने लागले. त्या मालावर त्याने १२० रुपये नफा घेतला, तर वर्षाच्या सहा फेऱ्यांत त्याला ७२० रुपये मिळतील. मोठ्या दुकानात तेवढाच माल एका महिन्यात संपतो. तेथे दर फेरीला अवघा ६० रुपये नफा घेतला, तरी बारा फेऱ्यांत ७२० रुपयेच पदरात पडतात. नफा निम्मा, पण फेऱ्या दुप्पट! शिवाय हे दुकान कारखान्याकडून माल घेते तो गाड्या भरभरून; त्यामुळे त्याला दरही कमी पडतो. गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने फळीवरचा माल काढून घेते, म्हणून नोकर कमी लागतात. मुंबईतील पवई येथे २००२ साली पहिले दुकान उघडणाऱ्या डी-मार्टने बहुतेक ठिकाणी जागा भाड्याने न घेता ती स्वतःच्या मालकीची केली, आणि माल पुरवणाऱ्यांचे पैसे लवकर चुकते करून त्यांच्याकडून सवलत मिळवली. अशा प्रकारे चार ठिकाणी वाचवलेल्या पैशांतील काही भाग गिऱ्हाइकाच्या पदरात पडतो.

हा लाभ क्षुल्लक मानणे योग्य होणार नाही. ज्या घरात महिन्याचा पगार मोजून-मापून खर्च करावा लागतो, तेथे किराण्यात वाचलेले दोनशे रुपये म्हणजे मुलाच्या वह्यांची किंवा आजीच्या औषधाची तजवीज असते. अशा घरच्या माउलीला "तू तेथे जाऊ नकोस" असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता दुसरी बाजू पाहू. वाण्याच्या दुकानात केवळ माल विकला जात नाही. दिवसभराची मजुरी संध्याकाळी हाती पडल्यावर ज्या घरची चूल पेटते, त्या घराला महिन्याचे सामान एकदम कोठून भरता येणार? तेथील मुलगी बाटली घेऊन येते आणि वीस रुपयांचे तेल, दहा रुपयांची साखर मागते. पाच लिटरचा डबा घेतला तर तेल स्वस्त पडते, हे तिच्या आईलाही ठाऊक असते. परंतु स्वस्त डबा घेण्यासाठीसुद्धा आधी गाठीला पैसे असावे लागतात! त्या घराची अडचण वाणी जाणतो. काम मिळाले नाही, तर तो खातेवहीत चार ओळी लिहितो आणि पीठ-मीठ बांधून देतो. या उधारीला ना जामीन लागतो, ना अर्ज. माणसाची ओळख हेच तिचे तारण असते. २०२० सालच्या मार्च महिन्यात महामारीमुळे देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा घराजवळच्या या छोट्या दुकानांचे मोल अनेकांना नव्याने कळले.

तथापि वाण्याची केवळ स्तुती करून चालणार नाही. तराजूची दांडी बोटाने खाली दाबणारे, तांदळात खडे मिसळणारे, मुदत उलटून गेलेला माल निरक्षर गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधणारे दुकानदार मी पाहिले आहेत. उधारीवर जगणाऱ्याला भाव विचारण्याचे धैर्य होत नाही, याचा काहींनी लाभ घेतला आहे. मोठ्या दुकानात छापील किंमत, छापील पावती आणि सर्वांना एकच भाव मिळू लागला, तेव्हा अशा दुकानदारांकडे गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली, यात नवल नाही. ज्याने विश्वासाचा व्यापार करायचा, त्याने विश्वासच विकून खाल्ला तर त्याच्याजवळ उरले काय?

परंतु आमच्या पेठेत बंद पडलेल्या चार दुकानांपैकी एका दुकानाचा मालक असा नव्हता. त्याचे माप चोख असे, आणि सणाच्या दिवसांत टंचाई झाली तरी तो भाव वाढवीत नसे. सारी मुले त्याला काका म्हणत. दुकान बंद केल्यानंतर एके दिवशी मी त्याला कारण विचारले. त्याने आपली खातेवही माझ्यापुढे ठेवली आणि म्हटले, "गुरुजी, गिऱ्हाइके मला सोडून गेली नाहीत. ती येतच होती. फक्त महिन्याच्या एक तारखेला ती तिकडे जात, आणि वीस तारखेला माझ्याकडे येत."

त्याच्या बोलण्याचा अर्थ ध्यानी यायला मला क्षणभर वेळ लागला. पगार झाला की लोक रोख पैसे घेऊन मोठ्या दुकानात जात आणि महिन्याचे सामान भरीत. वीस तारखेच्या सुमारास पैसे संपले, की त्यांना काकांची आठवण होई. कारण मोठ्या दुकानात उधारी नाही. रोख तिकडे आणि उधार इकडे! ज्या गल्ल्यात रोख रक्कम पडत नाही, त्या गल्ल्यातून घाऊक व्यापाऱ्याचे देणे कसे भागणार? मी त्याची वही चाळली. तिच्या पानांवर माझ्या ओळखीची अनेक नावे होती. माझे नाव त्या वहीत नव्हते. परंतु त्याचे समाधान मला वाटले नाही. मीही दर महिन्याच्या आरंभी निवृत्तिवेतन घेऊन त्याच मोठ्या दुकानात जात होतो. माझी रोख रक्कम त्या सज्जनाच्या गल्ल्यात पडणे मीही थांबवले होते. आणि दुकान बंद झाल्यावर खरी अडचण कोणाची झाली? माझी नव्हे. बाटलीत वीस रुपयांचे तेल नेणाऱ्या त्या मुलीची!

हा अनुभव केवळ आपल्याकडचाच आहे, असेही नाही. अमेरिकेत सॅम वॉल्टन या व्यापाऱ्याने १९६२ साली आर्कन्सॉ राज्यातील रॉजर्स या लहानशा गावी वॉलमार्टचे पहिले दुकान उघडले. मोठ्या शहरांऐवजी लहान गावे हेरून तेथे स्वस्त दुकाने काढणे, हे त्याचे धोरण होते. त्यामुळे गावकऱ्यांचे पैसे वाचले, हे खरे. आणि अनेक गावांच्या मुख्य रस्त्यावरील जुनी दुकाने ओस पडली, हेही तितकेच खरे. उत्तर कॅरोलायना राज्यात ओरिएंटल नावाचे एक छोटे गाव आहे. तेथे या कंपनीचे दुकान उघडल्यावर गावातील जुने किराणा दुकान २०१५ साली बंद पडले. पुढे २०१६ च्या जानेवारीत कंपनीने देशातील १५४ दुकाने बंद करण्याचे जाहीर केले. त्यांत या गावातील दुकानही होते! जुने गेले होतेच, नवेही गेले. मोठ्या दुकानाचा हिशेब दूरच्या कचेरीत होतो आणि तेथे गावाचे नाव केवळ एक आकडा असते. गावातल्या वाण्याला मात्र गाव सोडून जाणे इतके सोपे नसते.

तर मग कायदा करून मोठ्या दुकानांना अडवावे काय? जपानने तसा प्रयत्न केला. तेथे १९७३ साली झालेल्या कायद्याने मोठे दुकान उघडण्यापूर्वी स्थानिक व्यापाऱ्यांचे म्हणणे विचारात घेणे भाग पडले. परंतु कायदा असतानाच, १९८२ नंतर, तेथील लहान दुकानांची संख्या घटू लागली, आणि अखेरीस २००० साली तो कायदा रद्द झाला. आपल्या देशात २०१२ साली केंद्र सरकारने किरकोळ व्यापारात परकीय भांडवलाला ५१ टक्क्यांपर्यंत मुभा दिली, आणि ती आपल्या राज्यात लागू करायची की नाही, हे राज्यांवर सोपवले. असे नियम आवश्यक असतात. ते दुबळ्याला सावरण्यास वेळ देतात. परंतु कायद्याची कुबडी कितीही भक्कम असली, तरी चालावे लागते ते स्वतःच्याच पायांनी.

ते कसे चालावे, याचा एक धडा जर्मनीच्या इतिहासात सापडतो. १८९८ साली बर्लिन शहरातील काही लहान किराणा दुकानदार एकत्र आले. प्रत्येकाने वेगवेगळा थोडा माल घेतला, तर घाऊक व्यापारी सांगेल तो दर द्यावा लागतो. सर्वांनी मिळून एकदम घेतला, तर दर आपल्याला ठरवता येतो, हे त्यांनी ओळखले. त्यांनी खरेदीसाठी सहकारी संस्था काढली. तिच्यातूनच पुढे एडेका ही संस्था उभी राहिली. आज ती जर्मनीतील सर्वांत मोठ्या किराणा व्यापारी संस्थांपैकी एक आहे. आणि तिची कित्येक दुकाने अजूनही ज्या त्या दुकानदाराच्या मालकीची आहेत. दुकान आपले, खरेदी सर्वांची! एका काडीने केर निघत नाही. काड्यांची केरसुणी बांधली, म्हणजे अंगण स्वच्छ होते.

सहकाराचा हा मार्ग आपल्याला अपरिचित नाही. मुंबईच्या नायगाव भागात १९४८ साली सुरू झालेल्या 'अपना बाजार'ने गिऱ्हाइकांनी एकत्र येऊन दुकान चालवण्याचा आदर्श घालून दिला. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथे तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या 'वारणा बाजार'ने ग्रामीण भागात तेच कार्य केले. गिऱ्हाइके एकत्र येऊ शकतात, तर दुकानदारांना का येता येऊ नये? एका पेठेतील दहा वाण्यांनी साखर, तेल आणि डाळ मिळून खरेदी केली, चोख वजन व छापील पावती देण्याचा नियम केला, तर भावातील अंतर पुष्कळ कमी होईल. मग घराजवळ असणे, थोडा माल देणे आणि माणसाला नावाने ओळखणे, हे त्यांचे जुने गुण पुन्हा त्यांचे बळ ठरतील. अर्थात त्यासाठी शेजारच्या दुकानदाराला वैरी समजण्याची सवय त्यांना सोडावी लागेल.

आणि आपण गिऱ्हाइकांनी काय करावे? मोठ्या दुकानावर बहिष्कार घालावा, असे मी म्हणणार नाही. ज्याला तेथे चार पैसे वाचवणे भाग आहे, त्याने ते जरूर वाचवावेत. परंतु ज्याच्या घरी थोडी तरी सुबत्ता आहे, त्याने आपल्या रोख खरेदीचा काही भाग प्रामाणिक वाण्याकडे ठेवावा. ती भीक नव्हे, दयाही नव्हे. पावसाळी रात्री किंवा अडचणीच्या दिवशी ते दुकान उघडे असावे, असे आपल्याला वाटत असेल, तर इतर दिवशीही ते उघडे राहील, अशी काळजी आपणच घ्यायला हवी. आणि ज्याची उधारी घेतली, त्याचे पैसे हाती येताच सर्वांआधी चुकते करावेत, हे तर सांगायलाही नको.

मुलांनो, तुम्हांपैकी पुष्कळांना घरचे लोक सामान आणायला पाठवीत असतील. भाव विचारा, वजन पाहा, पावती मागा. यात कसलाही संकोच नको. परंतु वस्तूची किंमत पाहताना एवढ्यावरच थांबू नका. तिच्या वेष्टनावर रुपयांचा आकडा छापलेला असतो. ती ज्या दुकानातून घेतली नाही त्या दुकानाचे काय झाले, हे मात्र तेथे छापलेले नसते. तो हिशेब आपला आपणच करायचा असतो. काकांच्या दुकानाच्या फळ्या आता कायमच्या लागल्या आहेत. त्या दारावरून जाताना तो हिशेब मी दररोज करतो, आणि दररोज माझ्याकडे काही बाकी निघते.