उथळ पाण्यातली शिकार

वसईजवळच्या अर्नाळा किल्ल्याचे नाव घेऊन १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला एक युद्धनौका नौदलात दाखल झाली. चिमाजी अप्पांच्या काळात, १७३७ मध्ये, मराठ्यांनी बांधून काढलेला तो किल्ला वैतरणेच्या मुखावर पहारा देत असे. या ७७ मीटर लांबीच्या नौकेचे कामही पहाऱ्याचेच, फक्त पाण्याखालचे.

किनाऱ्याजवळ पाणबुडी शोधणे सोपे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात उलटे आहे. सोनार चालते आवाजावर. उथळ पाण्यात तो आवाज तळावर आणि पृष्ठभागावर आपटून प्रतिध्वनींचा नुसता गोंधळ उठवतो. त्यात ट्रॉलरांची घरघर आणि बुडालेल्या जहाजांचे सांगाडे! बॅटरीवर चालणारी पाणबुडी अशा गोंगाटात मुकाट दबा धरून राहते. मोठी फ्रिगेट तिथे आणणे म्हणजे बोळात ट्रक घालणे. ‘अर्नाळा’ला पंख्यांऐवजी वॉटरजेट आहेत, शिवाय हवे तितके खोल सोडता येणारे सोनार, पाणतीर आणि रॉकेटे.

अशा सोळा नौकांचे करार २०१९ मध्ये झाले. आठ कोलकात्याला, आठ कोचीनला. पहिली यायला सहा वर्षे लागली. मला हा उशीर खुपतो. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ ‘खुकरी’ बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ती बुडवणाऱ्या पाकिस्तानी पाणबुडीचे नाव ‘हंगोर’. चीनशी करार करून पाकिस्तानने ज्या आठ नव्या पाणबुड्या मागवल्या, त्यांच्या वर्गालाही त्याने हेच नाव दिले आहे.