इम्प्लांटची नोकरी आणि साहेबांची भाषा

मुलगा बी.एस्सी. किंवा डी.फार्म. झाला की हल्ली घरात एका नव्या नोकरीची चर्चा होते. मेडिकल डिव्हाइसची लाईन. औषध कंपनीचा एम.आर. आपल्या जुन्या ओळखीचा. दवाखान्याबाहेर बॅग मांडीवर घेऊन बसलेला असतो. हा त्याचाच चुलत भाऊ म्हणा. फक्त हा गोळ्या विकत नाही. मोडलेल्या हाडाला बसवायच्या पट्ट्या आणि स्क्रू, गुडघ्याचा कृत्रिम सांधा, हृदयाच्या रक्तवाहिनीतला स्टेंट, हा त्याचा माल. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात असा एखादा मुलगा आपल्या ओळखीत निघतोच.

मी या लाईनमध्ये अकरा वर्षे काढली, म्हणून मुलाखतीला जाणारी मुले आणि त्यांचे अब्बा-अम्मी माझ्याकडे विचारायला येतात. अलीकडे विचारणा पगाराची कमी आणि वागणुकीची जास्त असते. सकाळी दहाची वेळ देऊन दुपारी अडीचला आत बोलावतात. मुलाखत ऑफिसात नसते, एखाद्या हॉटेलच्या लॉबीत असते. साहेब मोबाईलमधून मान वर न काढता म्हणतात, "हा बायोडेटा कुणाकडून लिहून घेतलास?" इंग्रजी अडखळले की शेजारी बसलेले दुसरे साहेब हसतात. वडील काय करतात? बेकरीत? मग तू सर्जनसमोर काय उभा राहणार? एका मुलाला विचारले, "शुक्रवारी दुपारी केस लागली तर तू कुठे सापडशील?" हा प्रश्न कामापुरता विचारता येतो आणि त्याचे सरळ उत्तरही देता येते. पण विचारताना दोघे एकमेकांकडे पाहून जे हसले, ते त्या मुलाने मला तीनदा सांगितले. मुलींना तर लग्न कधी करणार, मूल कधी होणार, रात्रीच्या केसला घरचे सोडतील का, इथूनच सुरुवात.

अनुभवी मुलांची गत वेगळी. त्यांना गोड बोलून बसवतात. तुझ्या भागात कोणता सर्जन कोणाचा माल वापरतो, महिन्याला किती केस, डीलरला किती टक्के सुटतात, सगळे काढून घेतात आणि "कळवतो" म्हणून पाठवून देतात. नोकरी नसतेच, बाजाराची माहिती हवी असते.

या सगळ्याला साहेब लोकांनी एक भारदस्त नाव दिले आहे, 'स्ट्रेस इंटरव्ह्यू'. थिएटरमध्ये सर्जन ओरडतो, तेव्हा मुलगा टिकेल का हे आधी पाहावे लागते, असे ते म्हणतात. सर्जन ओरडतो हे खरे. पण ते पाहायचे तर दोन मिनिटांत प्रॉडक्ट समजावून सांगायला लावा, मध्येच चार शंका काढा, अवघड प्रश्न विचारा. बापाच्या धंद्यावर बोलून कोणाचीच तपासणी होत नाही. त्यातून एवढेच समजते की हा माणूस महिनाअखेरीला कोणत्या भाषेत बोलणार आहे. रिश्ता बघायला गेलेल्या घरात यजमान पहिल्याच दिवशी नोकराला शिव्या घालत असेल, तर परतताना रिक्षात आपण काय बोलतो? मुलाखतीच्या दिवशी कंपनीही ठेवणीतले कपडे घालून बसलेली असते. त्या दिवशी ही भाषा, तर रोजची कशी असेल?

रोजचे काम कसे असते ते घरच्यांना बहुतेक ठाऊक नसते. हाडाच्या लाईनमधला मुलगा घ्या. उद्या सकाळी सातला कोल्हापूरला केस आहे. आज रात्रीच इम्प्लांटचे जड डबे दवाखान्यात पोचवायचे, मोजून द्यायचे, ते निर्जंतुक झाले का पाहायचे. सकाळी थिएटरचे कपडे चढवून एका बाजूला उभे राहायचे आणि कोणत्या मापाचा स्क्रू कोणत्या ट्रेमध्ये आहे ते सिस्टरला सांगायचे. नेमके माप नसले तर बोलणी यालाच. ऑपरेशन झाल्यावर पुन्हा मोजणी, कागद, बिल. बिलाचे पैसे दवाखाना महिनोन् महिने देत नाही. ती वसुलीही याचीच. मोजणीत एक स्क्रू कमी आला तर पगारातून कापून घेणारे डीलर आहेत. दरम्यान साहेबांचा फोन चालूच: लोकेशन पाठव, कुठे आहेस, आज किती. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सगळ्यांचे आकडे पडतात. ज्याचे कमी, त्याचे नाव लाल रंगात, आणि खाली साहेबांचे चार शब्द चाळीस जणांना वाचायला.

महिन्याचे शेवटचे तीन दिवस तर विचारू नका. आकडा दिसावा म्हणून नको असलेला माल डीलरच्या गळ्यात मारतात. पुढच्या महिन्यात तो परत येतो आणि ती वजाबाकी पुन्हा त्याच मुलाच्या नावावर पडते.

साहेब जन्मतः वाईट असतात असे मी म्हणत नाही. त्यांच्या वरचा साहेब त्यांना तसेच बोलतो, आणि आपण शिव्या खाऊनच शिकलो, ही त्यांची पक्की समजूत असते. धंद्यातला पैसाही आटला. सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली. औषध लावलेला स्टेंट सुमारे २९,६०० रुपये आणि साधा ७,२६० रुपये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यांवरही मर्यादा आली. रुग्णांसाठी ते फार चांगले झाले, आपल्यातल्या किती घरांचे दागिने त्यामुळे गहाण पडायचे वाचले असतील. पण मधला नफा घटला तेव्हा कंपन्यांनी आपले टार्गेट कमी केले नाही. तो ताण खाली सरकत सरकत बाईकवरच्या पोरावर आला.

यातून एक गोष्ट अशी होते, जिची मला शिव्यांपेक्षा जास्त काळजी वाटते. डॉक्टरांना भेटवस्तू देणे, सहलीचा खर्च करणे यावर २०२४ च्या मेडिकल डिव्हाइस विपणन संहितेत मनाई आहे. कंपनी त्या कागदावर सही करते. आणि साहेब मुलाला म्हणतात, "कसेही कर, मला केस पाहिजे. मला मात्र काही सांगू नकोस." उद्या प्रकरण अंगाशी आले तर नाव कोणाचे येणार? हलाल रोजीसाठी घराबाहेर पडलेल्या मुलाला हा प्रश्न रात्री झोपू देत नाही, आणि तो घरी बोलत नाही.

का बोलत नाही? कारण बोलला की आपण म्हणतो, "सब्र कर बेटा, आजकाल नोकरी कुठे मिळते?" बाईकचा हप्ता असतो, बहिणीचे लग्न असते, ते आपल्यालाही दिसत असते. पण कष्टाला सब्र करायला सांगणे वेगळे आणि अपमान गिळायला सांगणे वेगळे. रात्री बाराला केसवरून आलेला मुलगा थकलेला असतो. त्याला गरम जेवण वाढले की काम भागते. फोन वाजला की ज्याचे हात गार पडतात, त्याचे दुखणे जेवणाने जात नाही. त्याला आधी कोणी तरी नीट विचारायला हवे, आणि उत्तर ऐकताना लगेच हप्ता आठवायला नको.

आता जायच्या आधी काय पाहायचे ते सांगतो. सर्वांत सोपे म्हणजे दवाखान्यात थिएटरबाहेर त्या कंपनीच्या मुलांशी बोलणे. चहाच्या एका कपात सगळी कुंडली कळते. मुलाखतीत आपणही विचारावे: या भागात आधी कोण होता आणि तो का गेला? टार्गेट कशावरून ठरले? प्रवासखर्च किती दिवसांत मिळतो? सेटमधला तुकडा हरवला तर भरपाई कोणाची? चांगला मॅनेजर या प्रश्नांवर चिडत नाही. असे मॅनेजर आहेत, मला दोन मिळाले.

नियुक्तीपत्र हातात आल्याशिवाय पहिली केस करू नये. १९७६ च्या विक्री संवर्धन कर्मचारी कायद्यात त्याची तरतूद होती, नव्या श्रम संहितेतही नियुक्तीपत्र सक्तीचे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिल्यावर पगाराचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. 'फुल अँड फायनल'साठी सहा महिने झुलवणे कायद्यात बसत नाही. मालाच्या नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते नुकसान मुलाच्याच हयगयीने झालेले असावे लागते आणि त्याला आधी बाजू मांडू द्यावी लागते. नोकरी सोडल्यावर दुसऱ्या कंपनीत जाऊ नये, असे लिहून घेतले तरी करार कायद्याच्या कलम २७ पुढे ते सहसा टिकत नाही. बाँड मात्र वाचल्याशिवाय सही करू नये, त्यातली रक्कम कधी कधी खरोखर भरावी लागते.

आणि मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणारी ऑफिसे अजून आहेत. मूळ कागद दाखवावेत, झेरॉक्स द्यावी, आणि फाईल त्याच दिवशी घरी परत आणावी.