उसन्या काळाचे कथनशास्त्र

आपल्याकडील कथनमीमांसेत एक विधान निर्वेधपणे वावरताना दिसते : साधा भूतकाळ ही साहित्यिक कथनाची खूण होय, बोलण्याचा भूतकाळ त्याहून निराळा. या विधानाचे मूळ रोलाँ बार्त यांच्या १९५३ मधील लेखनविषयक पुस्तकात आणि एमिल बेनव्हेनिस्त यांच्या १९५९ मधील निबंधात आहे. दोघांचेही विवेचन फ्रेंच क्रियापदाविषयीचे आहे आणि फ्रेंचपुरते ते मार्मिकच आहे. ‘गायला’ या अर्थाचे ‘शाँता’ हे साधे रूप तेथे बोलण्यातून लोपले व लेखनात उरले. बोलण्यात ‘आ शाँते’ हे संयुक्त रूप रुळले. म्हणूनच कामूने १९४२ च्या ‘लेत्राँजे’त संयुक्त रूपाने कथन करणे अर्थपूर्ण ठरले आणि सार्त्रने १९४३ मध्ये त्याची चिकित्सा केली.

परंतु पिरेनीज पर्वत ओलांडताच हे समीकरण मोडते. त्याच लॅटिन रूपातून आलेले स्पॅनिश ‘कांतो’ घरात, बाजारात आणि कादंबरीत सारखेच नांदते. पोर्तुगीजमध्येही साधे रूप रोजच्या बोलण्यातले आहे. संयुक्त रूप ‘अलीकडे वारंवार गात आला आहे’ असा अर्थ देते. कातालान भाषा ‘जाणे’ या क्रियापदाच्या साहाय्याने चक्क भूतकाळ घडवते. उत्तर इटलीच्या बोलण्यातून मागे पडलेले साधे रूप सिसिलीत जिवंत आहे. रुमेनियातील ओल्तेनिया प्रांतात ते नुकत्याच घडलेल्या गोष्टीसाठी योजतात.

जे सख्ख्या बहिणींनाही लागू पडत नाही, ते मराठीला कसे पडावे? ‘तो आला’ हे आपण ओसरीवर म्हणतो आणि कादंबरीतही लिहितो. दोष बार्त यांचा नाही. ज्या इंग्रजी अनुवादांत हा रूपभेद पुसला जातो, त्यांतून सिद्धान्त उचलून त्याखालचे व्याकरण न तपासणाऱ्या आपल्या समीक्षेचा तो दोष आहे.

मराठीत बोली आणि लेखन यांची सीमारेषा अन्यत्र आहे. ‘तो रोज देवळात जाई’ हा रीतिभूतकाळ आज प्रमाण मराठीच्या बोलण्यात क्वचितच ऐकू येतो. तेथे ‘जायचा’ म्हणतात. लेखनात मात्र ‘जाई’ टिकून आहे. फ्रेंचमध्ये लेखनापुरते उरले ते एकदा घडलेल्या घटनेचे रूप. मराठीत, नित्य घडणाऱ्या क्रियेचे. मराठी कथनाचा सिद्धान्त या ‘जाई’पासून सुरू व्हायला हवा. तो अद्याप कोणी लिहिणार नसेल, तर निदान उसन्या काळात आपल्या कादंबऱ्या वाचणे तरी थांबवावे.