विश्रांतीचा खाडा

तेर म्हटलं की गोरोबाकाका आठवतात. चिखल तुडवताना ते भजनात इतके रंगले की पायाखाली आलेलं लेकरू त्यांना कळलं नाही, अशी कथा आहे. ती तल्लीनता होती. आज धाराशिव-बीडमधून ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाचं भान हरपतं ते थकव्यानं. पहाटेपासून फडात कोयता, मग मोळ्या बांधायच्या. गाडी रात्री आली तर रात्रीच भरायची. फळीवरून पाय घसरला की आपण त्याला निष्काळजी म्हणून मोकळे होतो.

मजुरी टनावर, उचल आधीच घेतलेली. एक दिवस अंग टाकलं तर खाडा लागतो. जिथं विश्रांतीलाच दंड आहे, तिथं सावधपणा कुठून येणार?

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. ती अजून फडात पोहोचलेली नाही. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली.

ऊसतोडीच्या करारात दरासोबत आठवड्याची सुटी, रात्रीची भरणी बंद आणि आजारपणात खाडा नाही, एवढं तरी लिहा. झोप ही मेहरबानी नाही, मजुराचा हक्क आहे.