शवासनाखालची भेग

परवा ऑनलाइन योगा मॅट शोधत होतो. स्क्रोल करता करता एका मॅटवर बोट थांबलं. पांढरंशुभ्र बर्फ आणि त्याला उभं चिरत गेलेली काळसर भेग. वर्णनात लांबी, जाडी, मॅट धुवायची कशी, सगळं होतं. भेग कुठली, तेवढं नव्हतं.

ती मी ओळखली. अंटार्क्टिकात समुद्रावर तरंगणाऱ्या लार्सन सी या हिमथराला पडलेली. नोव्हेंबर २०१६मध्ये नासाच्या 'ऑपरेशन आइसब्रिज'च्या विमानातून टिपलेली. तेव्हा ती सुमारे ११० किलोमीटर लांब होती. जुलै २०१७मध्ये तिथून ए-६८ हा हिमनग सुटला : सुमारे ५,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दीडपट.

ही विमानं फोटोसाठी उडत नव्हती. बर्फ मोजणाऱ्या आइससॅट उपग्रहाचं लेझर २००९मध्ये बंद पडलं. पुढचा उपग्रह थेट २०१८मध्ये गेला. मधल्या काळात मोजणीत खंड पडू नये, म्हणून माणसं लेझर आणि रडार घेऊन दरवर्षी ध्रुवांवरून उडत राहिली.

नासाचे फोटो सहसा कॉपीराइटमुक्त असतात. असावेतच. मॅट प्लास्टिकची, असा सोपा टोमणाही मी मारणार नाही. माझा लॅपटॉप काही कापसाचा नाही. माझं भांडण वेगळं आहे. फोटो फुकट मिळाला, तर त्याची ओळख का पुसायची?

कशी पुसली जाते, ते मला ठाऊक आहे. मी स्वतः तसा कोड लिहिलाय. फोटो आला की आकार बदला, फाइल हलकी करा, मेटाडेटा काढून टाका. तारीख, ठिकाण, सगळं एका ओळीत साफ. रिव्ह्यूमध्ये शाबासकी मिळाली होती.

'निदान लोकांपर्यंत बर्फ तरी पोचतं ना!' असं कुणी म्हणेल. काय पोचतं? तरंगता बर्फ तुटल्याने समुद्राची पातळी लगेच वाढत नाही. असे हिमनग सुटणं नैसर्गिकही असतं. ए-६८चं खापर थेट तापमानवाढीवर फोडायला शास्त्रज्ञही तयार नव्हते. म्हणजे घाबरायचं की नाही, हे ठरवायलासुद्धा माहिती लागते. ती काढून टाकली की उरते नुसती नक्षी.

मागणी छोटी आहे. मॅटच्या कोपऱ्यात एक ओळ छापा : कुठे, कधी, कशासाठी. अधोमुख श्वानासनात डोकं खाली जाईल, तेव्हा वाचू की आम्ही.